हळदूचं ऊन

हळदू आमच्या घरी आला तो नोव्हेंबरात, काचेच्या टाकीत, लाल बल्बच्या उजेडात. भाच्याला शिकायला जर्मनीला जायचं होतं, विमान आठ दिवसांवर आलं होतं आणि सरड्याला बरोबर नेता येत नव्हतं. "मावशी, फार काही करावं लागत नाही गं त्याचं. रोज दहा-बारा अळ्या टाकायच्या, आठवड्यातून एकदा पावडर लावायची. एकदम शांत आहे," तो म्हणाला. शांत तो होताच. तळहातावर घेतला तर पोट टेकून पसरला, मान वर उचलली नाही. सात महिन्यांचं जनावर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९४ ग्रॅम भरलं. पुढच्या पायांची बोटं मधूनच थरथरायची. मला वाटलं, नवीन घर आहे, घाबरला असेल.

हळदू म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातल्या कोरड्या, अर्धवाळवंटी मुलखातला हा सरडा. गळ्याखालचे काटेरी खवले फुगवले की दाढीसारखे दिसतात, त्यावरून नाव पडलं. ऑस्ट्रेलिया आपले सरपटणारे प्राणी व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे जगभर पाळले जातात ते कित्येक पिढ्या माणसाच्या हाताखाली पैदा झालेले. आपल्या कुंपणावर डोकं वरखाली करणारा सरडा त्याच्याच कुळातला. हे नातं मला नंतर फार उपयोगी पडलं.

दुखणं पहिल्यांदा ओळखलं ते माझ्या सासूबाईंनी. आम्ही त्यांना आईच म्हणतो, वय ८२. सरडा घरात येणार म्हणून त्या नाराज होत्या, पण दुसऱ्या दिवशी टाकीपाशी खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, ह्याला मुडदूस झालाय. पाय बघ कसे वाकलेत. आमच्या वाड्यात एका पोराला असंच झालं होतं, चालताना डुलायचं." आणि लगेच उपायही सांगितला, चुन्याची निवळी.

त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे नेलं. पुण्यात कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत. पक्षी, कासवं, सरडे तपासणारे डॉक्टर मोजके. आधी जवळच्या एका दवाखान्यात गेले होते. तिथे जंताचं औषध लिहून दिलं आणि टाकी खिडकीत ठेवायला सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी हळदूचा खालचा जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला, तर तो खोडरबरासारखा वाकला. माझ्या पोटात गोळा आला. एक्स-रेमध्ये हाडं आणि मांस यांतला फरकच नीट दिसत नव्हता. निरोगी सरड्याची हाडं पांढरी, ठसठशीत उमटतात. हळदूची राखाडी सावलीसारखी होती, आणि उजव्या पुढच्या पायात एक जुनं मोडलेलं हाड वाकडंच जुळलेलं होतं. भाच्याला हे कधी कळलंच नव्हतं.

"आईंनी बरोबर ओळखलंय," डॉक्टर म्हणाले. "मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात याला. मुडदुसाच्याच जातीचं दुखणं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी शरीराला सांगतात, हाडातून काढ. कारण कॅल्शियमशिवाय स्नायू आणि हृदय चालत नाही. हाडं पोकळ होत जातात, आणि तेही पुरेनासं झालं की बोटं थरथरायला लागतात." बोटांची ती थरथर म्हणजे भीती नव्हती. शेवटची शिल्लक संपत आल्याची खूण होती.

मग त्यांनी विचारलं, "ऊन कुठलं मिळतं?" मी म्हटलं, भाच्याच्या फ्लॅटमध्ये टाकी पूर्वेच्या खिडकीत होती, रोज सकाळी ऊन यायचं. "काच बंद?" हो, एसीमुळे बंदच. डॉक्टरांनी मान हलवली. खिडकीच्या साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण अतिनील किरणांमधला बी प्रकार, यूव्हीबी, जवळजवळ सगळा तिथेच अडतो. हळदू सात महिने रोज उन्हात बसला आणि त्याला हवं ते ऊन त्याला एक दिवसही मिळालं नाही.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. कातडीत कोलेस्टेरॉलसारखा एक पदार्थ असतो. त्यावर २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे यूव्हीबी किरण पडले की त्याचं डी-३ जीवनसत्त्वाच्या आधीच्या रूपात रूपांतर होतं. अंगाच्या उबेने ते रूप हळूहळू डी-३ बनतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड मिळून त्याला कामाच्या रूपात आणतात, आणि तेव्हा कुठे आतड्यातून कॅल्शियम रक्तात शिरतं. या साखळीतली पहिली कडी तुटली, तर निवळी द्या नाहीतर मोती भस्म द्या, बरंचसं शेणावाटे बाहेर जाणार. आणि ऊब कमी पडली तर किरण मिळूनही काम रेंगाळतं, शिवाय अन्न पचत नाही ते वेगळंच. म्हणजे ऊन, ऊब आणि अन्न ही तीन खाती नाहीत, एकच आहे. हे मला त्या दिवशी कळलं.

भाच्याचा दोष किती, यावर मी पुष्कळ विचार केला. त्याने हयगय केली नव्हती. चूक वेगळीच होती. त्याच्या रूममेटकडे आधी लेपर्ड गेको होती, आणि तिचीच सगळी पद्धत त्याने हळदूला लावली: टाकीखाली गरम होणारी चटई, मंद लाल बल्ब, अळ्या आणि डी-३ मिसळलेली पावडर. लेपर्ड गेको म्हणजे पाल. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारताच्या खडकाळ कोरड्या भागातली. ती संध्याकाळी आणि रात्री बाहेर पडते, दिवसा दगडाच्या कपारीत असते, फक्त कीटक खाते आणि चरबी शेपटीत साठवते. तिला ३१ ते ३३ अंशांची उबदार लपायची जागा लागते, आणि डी-३ पावडरीतून दिलं तर तिचं बऱ्यापैकी भागतं. तिलाही अगदी सौम्य यूव्हीबी द्यावा असं आता पुष्कळ डॉक्टर सांगतात, कारण कपारीच्या तोंडाशी तिच्या शेपटीवर, पायावर थोडं ऊन पडतच असतं. (याच कुळातल्या पाली आपल्या महाराष्ट्रातही आहेत. सातपुड्यातल्या एका जातीला तर २०१४ मध्ये स्वतंत्र नाव मिळालं. त्या रानातच राहायला हव्यात, उचलून आणायच्या नसतात.)

पण रात्री हिंडणाऱ्या पालीचा संसार दिवसा तळपत्या उन्हात बसणाऱ्या सरड्याला लावला की काय होतं, ते माझ्या हातात होतं. पावडरीतलं डी-३ या सरड्यांना पुरत नाही, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये बिअर्डेड ड्रॅगनच्या पिलांवर तपासून दाखवलं आहे. तोंडावाटे दिलेल्या डी-३ने रक्तातलं प्रमाण पुरेसं वाढलं नाही, रोज दोन तासांच्या यूव्हीबीने वाढलं. माणसांच्या मुडदुसाचीही गोष्ट हीच आहे. १९१९ च्या सुमारास बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली बसवलं आणि त्यांची हाडं भरत आली. आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे बाळाला तेल लावून उन्हात धरायचे, ते उगाच नाही."

डॉक्टरांनी कॅल्शियमचं सिरप वजनानुसार लिहून दिलं, सिरिंजने थेंब थेंब द्यायचं. घरचं माणसांचं कॅल्शियम-डीचं औषध द्यायचं नाही हे तीनदा बजावलं, कारण डी-३ जास्त झालं तर कॅल्शियम हाडाऐवजी मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत बसतं. उचलताना छातीखाली पूर्ण हात घालायचा, फांदीवरून उडी मारू द्यायची नाही. आणि म्हणाले, "औषध मी देतोय, पण बरा करायचाय तो तुमच्या दिव्याने."

तो दिवा मिळवायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे शिकले ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या दुकानातून पिळाच्या आकाराचा "यूव्ही" बल्ब आणला. खोक्यावर सरड्याचं चित्र होतं. डॉक्टरांच्या ओळखीतल्या एकांनी त्यांचं सोलारमीटर दोन दिवस वापरायला दिलं. हे अतिनील निर्देशांक मोजणारं यंत्र महाग असतं, एका सरड्यासाठी घेणं परवडत नाही. त्या बल्बखाली वीतभर अंतरावर धरलं तर आकडा ०.३. हळदूसारख्या ऊन खाणाऱ्या सरड्याला बसायच्या जागी ३ ते ५ च्या आसपास लागतो. कोणत्या सरड्याला किती, याचे चार पट्टे गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानातल्या सरड्यांच्या मागे यंत्र घेऊन फिरून ठरवले, २०१० मध्ये. लेपर्ड गेको पहिल्या पट्ट्यात, अगदी सावलीत. बिअर्डेड ड्रॅगन तिसऱ्या-चौथ्यात.

शेवटी ऑनलाइन १२ टक्के यूव्हीबीची टी-५ हाय आउटपुट ट्यूब, म्हणजे बारीक पण जोरकस ट्यूबलाइट, मागवली, दोन फुटी, मागे चकचकीत पत्रा असलेल्या पट्टीसकट. ती जाळीच्या वर ठेवली तर खालच्या दगडावर आकडा २.८ आला. जाळीच्या आत, त्याच उंचीवर बांधली तर ४.४. जाळी इतका प्रकाश खाते हे डोळ्यांना दिसतच नाही, कारण आपल्याला दोन्ही सारखंच लख्ख वाटतं. अंतराचंही तसंच. पाच-सात सेंटीमीटर वर सरकवली की आकडा धपकन खाली. माझ्या दगडापासून ट्यूब ३५ सेंटीमीटरवर आहे, आणि ती खूण मी आतल्या भिंतीवर पेन्सिलने करून ठेवली आहे.

उबेच्या दिव्यासाठी तपकीर गल्लीत गेले. हॅलोजन फ्लडलाइट मागितला तर दुकानदार म्हणाले, "ताई, आता हॅलोजन कोण घेतं? एलईडी घ्या, बिल निम्म्याहून कमी येईल." मी म्हटलं, मला उजेडाबरोबर उष्णताच हवी आहे, सरड्याला शेकायचंय. ते थांबले, मग आतून ७५ वॅटचा जुना माल काढून दिला, आणि प्लास्टिकचा होल्डर वितळेल म्हणून चिनी मातीचा आपणहून जोडून दिला. पैसे त्यांनी होल्डरचे घेतलेच नाहीत. नंतर दोनदा गेले तेव्हा "सरडा कसा आहे?" असं विचारलं त्यांनी.

काचेची टाकी दिली काढून. सुताराकडून चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच प्लायची पेटी करून घेतली, पुढे सरकत्या काचा, बाजूंना हवेची भोकं. एका टोकाला हॅलोजन आणि ट्यूब शेजारी शेजारी, म्हणजे ऊब आणि ऊन एकाच जागी पडेल, जसं बाहेर पडतं. दुसरं टोक मोकळं, सावलीचं. दिव्याखाली बसायला शहाबादी फरशीचा तुकडा. टेम्परेचर गनने मोजला तर पहिल्या दिवशी ५२ अंश. डिमर लावून तो ४१ वर आणला. थंड बाजू २६-२७. हा फरक असला की तो आपला आपण ठरवतो, आता शेकायचं की आता सावलीत जायचं. वाळू घातली नाही. अशक्त सरडा वाळू गिळतो आणि आतडं तुंबतं. वर्तमानपत्र पुरतं.

लाल बल्ब गेला. सरड्याला रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, अतिनीलातला ए प्रकारही दिसतो, आणि डोक्यावर मधोमध उजेड ओळखणारा तिसरा डोळा असतो, खवल्यासारखा छोटा ठिपका. रात्रभर लाल उजेड म्हणजे त्याला रात्रच नाही. आता टायमरवर दिवे सकाळी साडेसातला लागतात, संध्याकाळी साडेसातला बंद होतात, हिवाळ्यात तासभर कमी. रात्री पूर्ण अंधार. डिसेंबरातल्या कडाक्याच्या रात्रींसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर घेतला, तो खोली १८ अंशांखाली गेली तरच.

नव्या पेटीत सोडला त्या सकाळी हळदू आधी सावलीतच पडून राहिला. मी बँकेत गेले. दुपारी आईंचा फोन आला, एरवी त्या कामाच्या वेळी फोन करत नाहीत. "अगं, तो दगडावर चढलाय. तोंड उघडून बसलाय. काही होत तर नाही ना त्याला?" तोंड उघडून बसणं म्हणजे अंग पुरेसं तापलं. मी डोळे पुसत फोन ठेवला.

खाण्याचं प्रकरण याहून अवघड होतं, कारण ते रोजचं होतं. जबडा मऊ, त्यामुळे कडक कवचाच्या अळ्या त्याला चावता येत नव्हत्या. आणि त्या मीलवर्म तशाही वाईट. कोंड्यावर वाढलेल्या या अळीत कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो, आणि सरड्याला हवं असतं उलटं, दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. फॉस्फरस चढला की तो कॅल्शियमला बांधून ठेवतो. म्हणजे भाचा रोज प्रेमाने दहा अळ्या घालत होता त्या हाडातलं कॅल्शियम बाहेर काढायला मदत करत होत्या. रातकिडेही तसेच कमी कॅल्शियमचे, पण त्यांना सुधारता येतं. बाजारात मिळणारा रातकिडा हा रिकामा डबा आहे. आदल्या दिवशी त्याला शेवग्याचा पाला, गाजर, तुतीची पानं खाऊ घातली की तो भरलेला डबा होतो. मग देताना छोट्या बरणीत कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचा, जसे आपण भजी-काप पिठात घोळवतो.

पहिले दोन महिने मात्र रेशमाच्या अळ्यांवर गेले. त्या मऊ, पाणीदार, कॅल्शियमचं प्रमाणही तुलनेने बरं. बारामतीकडे तुतीची शेती आणि रेशीमकोषाचा बाजार आहे. ओळखीतल्या ओळखीतून एका शेतकऱ्याने टोपलीभर अळ्या एसटीने पाठवल्या. त्यांना रोज ताजी तुतीची पानं लागतात. आमच्या शेजारच्या सोसायटीत तुतीचं झाड आहे, तिथल्या वॉचमनकाकांनी मला कधीही अडवलं नाही.

मोठा होत गेला की या सरड्याचं ताट उलटतं. पिलू मुख्यतः कीटक खातं, मोठा झाल्यावर मुख्यतः पाला. तेव्हा मी मंडईत वेगळ्या नजरेने फिरायला लागले. महात्मा फुले मंडईत वीस वर्षं भाजी घेतेय, पण कुठल्या पालेभाजीत ऑक्झॅलेट किती याचा विचार कधी केला नव्हता. पालक, चुका, चाकवत, माठ, राजगिरा या सगळ्यांत ते भरपूर. ते कॅल्शियमला चिकटतं आणि निरुपयोगी करून टाकतं. क्वचित पान चालेल, रोजचं नाही. त्याच्या रोजच्या ताटात आता शेवग्याचा पाला, कोथिंबीर, तुती, लसूणघास, जास्वंदीची पानं आणि फूल, किसलेला लाल भोपळा, कोवळा घेवडा असं असतं. कोबी-फ्लॉवर कमी, कारण ते जास्त झाले तर थायरॉइडला त्रास. ॲव्होकाडो अजिबात नाही, ते विषारी. शेवग्याचा पाला मंडईत रोज मिळत नाही. ज्या मावशी आणतात त्या आता मला जुडी बाजूला ठेवतात. एकदा विचारलं, "ताई, एवढा पाला कुणाला गुडघ्याला बांधायला का?" मी सरड्याचं सांगितलं. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "जिवाला लागतं ते द्यावंच," आणि वर मूठभर फुलं टाकली.

कॅल्शियमच्या पावडरीसाठी आयातीच्या छोट्या डब्यावर पैसे घालायची गरज नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं. पोपटांच्या पिंजऱ्यात जो समुद्रफेनाचा तुकडा लावतात तो बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटच असतो. काष्ठौषधींच्या दुकानातून आणला, धुतला, वाळवला, खलात कुटून वस्त्रगाळ केला. हे काम आईंनी स्वतःकडे घेतलं. निवळी नाही तर नाही, पण चुन्याच्याच पोटजातीचं काहीतरी त्यांच्या हातून त्याच्या पोटात जातंय याचं त्यांना समाधान आहे. ट्यूब चालू असल्यामुळे या पावडरीत डी-३ नको. जीवनसत्त्वांची पावडर वेगळी, आठवड्यातून एकदाच.

थरथर बाराव्या दिवशी थांबली. मी वहीत रोज लिहीत होते म्हणून दिवस नक्की आठवतो. तिसऱ्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा पोट जमिनीवरून उचलून चार पावलं टाकली. जानेवारीच्या अखेरीस दुसरा एक्स-रे काढला आणि डॉक्टरांनी दोन्ही शेजारी लावले. हाडांच्या कडा दिसत होत्या! अजून फिक्या होत्या, पण होत्या. वजन १६८ ग्रॅम.

गच्चीवरचं ऊन तेव्हापासून सुरू केलं. ट्यूब कितीही चांगली असली तरी सूर्य तो सूर्य. पण इथे आईंचं आणि माझं थोडं वाजलं. त्यांच्या मते ऊन म्हणजे सकाळी सातचं, कोवळं. पण सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा किरण वातावरणाच्या जाड थरातून तिरपे येतात, आणि ओझोन यूव्हीबी वरच शोषून घेतो. कोवळ्या उन्हात ऊब असते, यूव्हीबी फार थोडा. साधी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की यूव्हीबी चांगला मिळतो. डिसेंबराच्या अखेरीस पुण्यात हे साधारण साडेअकरा ते दीड एवढाच वेळ घडतं. मे महिन्यात, जेव्हा मध्याच्या सुमाराला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सव्वानऊ-साडेनऊलाच. आईंना गच्चीवर उभं करून मी त्यांचीच सावली दाखवली. त्यांनी ती नीट बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून वेळेची आठवण त्याच करू लागल्या.

गच्चीवर काचेची टाकी कधीच न्यायची नाही. उन्हातली काच म्हणजे भट्टी, काही मिनिटांत जीव जातो. बोहरी आळीतून जाळीचा पिंजरा आणला, त्याच्या अर्ध्या भागावर ओलं पोतं. पंधरा-वीस मिनिटं, आणि मी किंवा आई शेजारी बसलेल्या. घारी वर असतात, मांजरं असतात. मे महिन्यात साडेनऊनंतर गच्चीची फरशी भाजते, म्हणून तेव्हा साडेआठ ते नऊ. कठड्यावर आमचा गावठी सरडा बरोबर त्याच वेळी येऊन बसायचा. तापला की सावलीत, थंडावला की परत उन्हात. हळदूला कधी आत घ्यायचं हे मी पुष्कळदा त्याच्याकडे बघून ठरवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक प्रसंग झाला, तो सांगायलाच हवा. वरच्या मजल्यावरची मुलं राजमाचीला काजवे बघायला गेली होती. येताना एका बाटलीत चार काजवे घेऊन आली आणि धाकटी धावत आली, "मावशी, हळदूला खाऊ!" तिने काच सरकवली होती. मी अक्षरशः झेप घेऊन बाटली काढून घेतली. काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, आणि एक काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. चमकणारा किडा दिसला की तो खाणारच, कारण त्याच्या मुलखात त्याला हे शिकावं लागलं नाही. मुलगी रडली. तिला जवळ घेऊन समजावलं, मग आम्ही दोघींनी मिळून काजवे सोसायटीच्या मागच्या झाडाखाली सोडले. बागेतले नाकतोडे, दिव्यावरची पाखरंही आम्ही देत नाही. कोणी कुठे औषध फवारलंय कळत नाही.

पावसाळा मला कठीण गेला. जून ते सप्टेंबर आभाळ गच्च, गच्ची बंद, आणि हवेत ओल. त्याला ३०-४० टक्के आर्द्रता सोसते, पुण्यात जुलैत ती ८० च्या वर. हॅलोजनने पेटी आतून कोरडी राहते, पाण्याचं भांडं थंड बाजूला ठेवलं, वर्तमानपत्र दिवसातून दोनदा बदललं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दगडाच्या जागी. अशा दिवशी त्याला खायला घालत नाही, कारण ऊब नसेल तर अन्न पोटात कुजतं. त्या चार महिन्यांत ट्यूब नसती तर पहिला एक्स-रे परत आला असता.

या नोव्हेंबरात ट्यूब बदलली. जुनी अजून पहिल्यासारखीच लख्ख पेटत होती, कोणी म्हणालं असतं, चांगली तर आहे. सोलारमीटर पुन्हा मागून आणलं. ४.४ चा आकडा २.१ वर आला होता. नव्या ट्यूबच्या टोकावर मी मार्करने तारीख लिहिली.

हळदूचा उजवा पुढचा पाय वाकडाच राहणार, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. जबडा आता दाबून बघितला तर दगडासारखा. वजन ३१२ ग्रॅम. भाचा रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि आधी त्यालाच बघतो. परवा कॉल चालू असताना एक रातकिडा फरशीच्या कडेवरून उडाला आणि हळदूने दोन्ही पुढचे पाय उचलून त्याला हवेतच टिपला. तिकडे भाचा काही बोलला नाही. जरा वेळाने म्हणाला, "मावशी, पुन्हा एकदा टाक ना." आईंनी बरणी उघडून दिली.